एकघावचा तीन हजार घावांचा दगड

पाथरवटाला सगळे ‘एकघाव’ म्हणत. दगडाची शीर हेरून तो एकच घण घाली आणि दगड निमूट दुभंगे. अशा माणसाच्याच मूत्रपिंडात हरभऱ्याएवढा खडा व्हावा, यावर त्याचा मेव्हणा, तोही पाथरवटच, आठवडाभर पोट धरून हसला. पोट एकघावनंही धरलं होतं, पण कळांनी.

“चिरफाड नको,” डॉक्टर म्हणाले. “मशीन बाहेरून धक्के देईल, आत खड्याचा चुरा होईल. नाहीच फुटला तर ऑपरेशन. मग दोन महिने घणाला हात लावायचा नाही.”

एकघावची तंतरली. दोन महिन्यांत हाती आलेलं पुलाच्या कठड्याचं काम मेव्हण्याच्या घशात गेलं असतं.

“धक्के किती?”

“तीन हजार.”

“एका हरभऱ्याला? तुमच्या मशीनला शीर कुठे असते ते कुणी दाखवलं नाही का?”

त्याला टेबलावर उताणं निजवलं. टक, टक, टक सुरू झालं आणि शंभरेक धक्क्यांतच टेक्निशियन बाईंनी मशीन थांबवलं.

“काका, हलू नका. नेम चुकतोय.”

“मी कुठे हलतोय?”

हलत तर होता. प्रत्येक टकला त्याचा उजवा हात आपसूक वर जाऊन खाली येत होता. पस्तीस वर्षांची खोड ती. हाताबरोबर खांदा, खांद्याबरोबर कंबर आणि कंबरेबरोबर खडा. बाईंनी हात पट्ट्यानं बांधला, तर पठ्ठ्या टेबलच हलवू लागला. तिसऱ्यांदा मशीन थांबलं तेव्हा डॉक्टर वैतागले.

“आता हललात तर सरळ ऑपरेशन.”

एकघाव घाबरला. अगदी लहान पोरासारखा घाबरला.

“हिला बोलवा,” तो कसाबसा म्हणाला.

बायको शिशाचा जड अॅप्रन चढवून आली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा पंजा आवळला.

“अहो, काम दुसरा करतोय ना? मग तुम्ही कशाला राबताय? गप पडा.”

पाऊण तास तिनं हात सोडला नाही. त्यालाही तो सुटावासा वाटला नाही.

पंधरा दिवस लघवी गाळून गाळून चिमूटभर चुरा जमला. नव्या फोटोत मूत्रपिंड लख्ख निघालं. मेव्हणा मुद्दाम चौकशीला आला.

“काय दाजी, शेवटी दगड फोडला कुणी? मशीननंच ना?”

एकघावनं आजवर दगड फोडल्याचं श्रेय कुणालाही दिलं नव्हतं.

“तुझ्या बहिणीनं,” तो म्हणाला आणि घण उचलून पुलाकडे निघाला.