बाईसाहेबांचं अंडं

घड्याळजींनी खुराड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि भुशात चाचपडताना त्यांची बोटं थबकली. अंडं अजून कोमट होतं. पांढरीचं पांढरंशुभ्र असे, तांबडीचं विटकरी. हे तिसऱ्याच रंगाचं, भरपूर दूध घातलेल्या चहासारखं, आणि जरा लहान. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. सून पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. त्यांनी ते अंडं सदऱ्याच्या खिशात सरकवलं आणि बाकीची दोन हातात घेऊन आत गेले.

“दोनच?” तिने विचारलं.

“दोनच,” ते म्हणाले आणि सरळ आपल्या कामाच्या टेबलाशी जाऊन बसले.

कोंबडीची तीन पिल्लं मुलाने आणली होती. एकाच खोक्यातून, पण तीन जातींची. पांढरी लेगहॉर्न, तांबडी ऱ्होड आयलंड, आणि पायांना पिसं असलेली करडी ब्रह्मा. “पांढरी पाचव्या महिन्यात अंडी देईल,” तो बायकोला सांगायचा, “तांबडी सहाव्यात. ह्या बाईसाहेब मात्र सावकाश. आठवा, नववा, मर्जी असेल तेव्हा. पण तू बघच.” पिल्लं दोन महिन्यांची असताना विजेच्या खांबावर काम करता करता तो खाली कोसळला. त्याला शेवटचं घरी आणलं तेव्हा त्याच्या खिशात कोंबड्यांच्या दाण्याची पुडी होती.

सून रक्त तपासायचं काम शिकलेली. तिच्या भावाने त्याच्या शहरातल्या दवाखान्यात तिच्यासाठी जागा बघितली होती. ती नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “तिन्ही कोंबड्या अंड्यावर येऊ देत. मग निघते.” भावाला ते खुळ्यासारखं वाटलं. घड्याळजींना वाटलं नाही. पांढरीने दिवस चुकवला नाही, तांबडी आठवडाभर उशिरा आली, आणि त्यानंतर बाईसाहेब अंगणात अशा मिरवत राहिल्या, जणू अंडी घालणं हे इतरांचं काम. घड्याळजी रोज सकाळी बाईसाहेबांकडे बघत आणि मनातल्या मनात म्हणत, मिरव बाई, अशीच मिरव.

चाळीस वर्षांत त्यांनी दुरुस्त झालेलं घड्याळ एक दिवसही जास्त ठेवून घेतलं नव्हतं. आता मात्र टेबलाच्या तळच्या खणात, जुन्या काट्यांच्या डब्यांशेजारी, कापसात ते अंडं होतं. मग एका दिवसाआड दुसरं, तिसरं. खण उघडताना ते उगाच खोकत. जेवताना सून काही विचारी, तर त्यांचा घास हातातच राही.

बाराव्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून बसले होते, पण कान पलीकडेच होते.

“अजून नाही,” सून म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. “दवाखानावाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार असतील तर राहू दे, दादा. त्यांना म्हणावं, दुसरं कोणी घ्या.”

फोन ठेवून ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. घड्याळजींनी भिंग काढलं. खण उघडला. या वेळी ते खोकले नाहीत. कापसासकट सगळी अंडी त्यांनी एका ताटलीत घेतली आणि तिच्यासमोर धरली.

“ही तिची,” ते म्हणाले. “मी लपवली होती.”

तिने अंड्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“सहाच?” ती म्हणाली. “मला वाटलं, सात असतील.”

घड्याळजींनी ताटलीतली अंडी पुन्हा मोजली.

“तिचा आवाज जाड आहे, बाबा. अंडं घातलं की सगळ्या गल्लीला सांगते. मी सात वेळा ऐकलाय.”

“एकदा नुसतीच ओरडली ती,” ते कसेबसे म्हणाले. “मी पाहिलं होतं. भुशात काही नव्हतं.”

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले.

“मग बोलली का नाहीस, पोरी?”

“तुम्ही बोलत नव्हता.” ती ताटलीतला कापूस सारखा करत म्हणाली, “तुम्ही बोलला नसता, तर मीही बोलले नसते.”

त्यांनी ताटली टेबलावर ठेवली. तिने ठेवलेला फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.

“दादाला सांग, सोमवारी येते म्हणून. त्यांनी जागा दिली नसेल अजून कोणाला.”

तिने नंबर लावला. बोलणं फार झालं नाही.

ऊन उतरल्यावर ती त्यांना अंगणात घेऊन गेली. दाणा किती, कोणत्या वेळी, पाणी कुठे ठेवायचं, तांबडी पांढरीला टोचते तेव्हा काय करायचं, सगळं एकेक करून दाखवू लागली. गेले कित्येक महिने घड्याळजी हे सगळं तिच्याबरोबर रोज करत आले होते. तरी ते हात मागे बांधून, मान हलवत ऐकत होते. खुराड्याची कडी लावून दाखवून ती वळली, तेव्हा ते पुढे झाले.

“थांब,” ते म्हणाले. “ही कडी कशी लावायची म्हणालीस? पुन्हा एकदा दाखव.”