नंदीचा उतार

"पेट्रोल कशाला जाळायचं?" म्हणत ह्यांनी नंदीचा डोंगर उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकली, आणि मी दाराची मूठ घट्ट धरली.

हे म्हणजे सूर्यकांत, माझे यजमान. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर जुनी गाडी प्रत्येक उतारावर न्यूट्रलवर सोडली आणि मायलेज किती मिळालं ते जे. पी. नगरातल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना ऐकवलं. पण ही गाडी आमच्या मुलाची, शंतनुची. नवीकोरी, ऑटोमॅटिक. देण्याआधी त्यानं आम्हा दोघांना शेजारी बसवून सांगितलं होतं, की घाट उतरताना गिअरचा दांडा एलवर घ्यायचा, म्हणजे गाडीला इंजिनच धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. ह्यांनी मान डोलावली होती. ऐकलं असेल तर शपथ.

मागच्या सीटवर शंतनुची लेक, आमची स्वानंदी, गाढ झोपली होती.

पहिली वळणं बरी गेली. मग जळका वास यायला लागला. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हताच. त्यानंतरच्या वळणावर गाडी कठड्याच्या इतकी जवळून गेली की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत होते, पाय पार खालपर्यंत जात होता, आणि गाडी ऐकत नव्हती.

"अलका," ते हळूच म्हणाले, "ब्रेक लागत नाही गं."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोरीला काही होऊ नये, एवढंच मनात. तरी तोंड उघडेना. गाडीत मी काही बोलले की "तुला काय कळतं त्यातलं" हे ठरलेलं. मरायची वेळ आली तरी मी त्याला घाबरून क्षणभर थांबले, ह्याचा मला अजून राग येतो.

"आधी डी, मग एल," मी म्हटलं. "शंतनुनं सांगितलंय. टाका."

ह्यांनी दांडा धरला, पण तो सरकवेनात. मी ह्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि दोघांनी मिळून दांडा मागे ओढला. इंजिन असं काही किंचाळलं की स्वानंदी दचकून उठली, रडायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं. पण गाडीचा वेग हळूहळू कमी झाला, आणि पुढे रस्ता रुंद होता तिथे हँडब्रेक ओढून ह्यांनी ती कशीबशी डोंगराच्या अंगाला उभी केली. चाकांतून धूर येत होता.

रस्त्याकडेला काकड्या विकणारी बाई धावत आली. "स्वल्प कूतकोळ्ळी, अज्जा," म्हणत तिनं बसायला स्वतःचं स्टूल पुढे केलं. एरवी कुणाचा आधार न घेणारे हे मुकाट्यानं बसले.

फोन केला तसा बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीहून शंतनु टॅक्सी करून आला, येताना मेकॅनिकला घेऊनच. ब्रेक निवले, तपासून झाले. शंतनुनं किल्ली मागितली नाही. ह्यांनीच ती त्याच्या हातात दिली, आणि मागचं दार उघडून आम्हा दोघींच्या शेजारी येऊन बसले.

"आबा, तुम्ही पुढे का नाही बसलात?" स्वानंदीनं विचारलं.

शंतनु एलवर सावकाश गाडी उतरवत होता. वळण आलं की ह्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट दाबला जात होता.