माहेरची तांबडी माती

द्रौपदाबाईंच्या हाताला गुण आहे असं अर्धं कळंब म्हणायचं, आणि त्याही कधी नाकारत नसत. म्हणून सून प्रतीक्षाला दिवस गेले तेव्हा त्या कुणाला न विचारता तळेघरकडे माहेरी गेल्या. एस.टी. चुकली तर उरलेली वाट पायी तुडवली आणि डोंगराच्या दरडीतली तांबडी माती फडक्यात बांधून आणली. त्या पोटुशी असताना त्यांच्या आईनं हीच माती खाऊ घातली होती. तव्यावर खरपूस भाजलेले खडे त्या रोज दुपारी सुनेच्या तळहातावर ठेवत आणि ती खाईस्तोवर समोर बसून राहत.

"दवाखान्यात बोलू नको हां. त्यान्ला डोहाळं काय कळत्यात?"

प्रतीक्षा मान हलवायची.

सातव्या महिन्यात तिचं पोट सारखं दुखू लागलं. गोळ्या घेऊनही रक्त वाढेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त पुण्याला पाठवलं, तर त्यात शिसं निघालं. बाळाच्या मेंदूला धोका आहे, हे कुठून पोटात जातंय ते आधी शोधा, असं त्यांनी बजावलं.

द्रौपदाबाईंचा मुलगा संघर्ष, त्यानं लगेच शोधून काढलं. प्रतीक्षाची आई बयाबाई हिनं कुठल्याशा वैद्याच्या पुड्या पाठवल्या होत्या. त्यानं सासूला फोनवर नको नको ते सुनावलं. बिचारी नुसती रडत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच भाकरी थापत बसलेला! द्रौपदाबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती, पण त्या मूग गिळून बसल्या. मातीत कसलं आलंय शिसं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. तरी त्या दुपारी त्यांनी खडे दिले नाहीत. उरलेली माती उकिरड्यावर टाकायला गेल्या, तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली. मातीत काही नाही, तर लपवायची कशाला? फडकं तसंच घेऊन त्या परत आल्या.

पुड्या तपासल्या. त्यात काहीच निघालं नाही. पुढच्या खेपेला द्रौपदाबाई सुनेबरोबर दवाखान्यात गेल्या आणि फडकं टेबलावर सोडलं.

"हे मी घातलंय हिला. आमच्या इहीणबाईंचा काय दोष न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे उलट जास्तच लागलं.

"खडक झिजून माती होते, मावशी, तेव्हा खडकातले धातू मातीत राहतात. कुठं कमी, कुठं जास्त. भाजून ते जात नाहीत. ही तपासायला पाठवते, पण आता एक कणही नको."

"आन् बाळाचं?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. द्रौपदाबाईंचे डोळे भरून आले होते.

"तुला डोहाळं लागलं आसतील म्हणून आणली गं मी."

"मला मातीचे डोहाळे कधीच नव्हते, आत्या." प्रतीक्षा सासूला आत्याच म्हणायची. "उमासे यायचे खाताना. पण तुमी एवढ्या लांबून आणलेली, वर समोर बसून बघायच्या. मग नको कसं म्हणू?"

 सुनेला लेक मानते म्हणून द्रौपदाबाईंनी गावभर सांगितलं, आणि या पोरीला आपल्यासमोर साधं नको म्हणायची सोय नव्हती. संघर्ष गाडी घेऊन आला, दोनदा हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत.