फायरिंगच्या दिवशी पाहुणे

मोतीरामने दाराजवळची खुर्ची उचलली आणि आतल्या कोपऱ्यात, कपाटाला खेटून ठेवली. पुढ्यात टीपॉय ओढला. तिथे बसलेल्या माणसाला टीपॉय ढकलल्याशिवाय उठता येणार नव्हतं.

"तू हितं बसायचं," तो बायकोला म्हणाला. "आज फायरिंग हाय. काय बी झालं तरी उठायचं नाय."

"नाय उठणार," सरुबाई म्हणाली.

"मागल्या टायमाला बी असंच म्हनली होती तू."

मागच्या खेपेला लेकीला, तेजस्विनीला बघायला सिन्नरचे पाहुणे आले होते. ऐन पोहे खाताना तोफ धडाडली, आणि ही बाई "भायेर पळा, भायेर पळा" करत मुलाच्या आईला दंडाला धरून अंगणात घेऊन गेली. पदर एकीकडे, चपला एकीकडे. पाहुणे चहा न घेताच गेले. मग मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी छान आहे, पण आईच्या डोक्याचं काय ते बघा, उद्या मुलीत उतरायचं. तेव्हापासून कुठलंही स्थळ निघालं की ही गोष्ट आधी तिथे जाऊन पोचायची. चांगली शिकलेली पोरगी आईपायी घरात राहिली, असं भावकी आता तोंडावर बोलायला लागली होती.

देवळाली कॅम्पच्या तोफांच्या मैदानाला लागून असलेल्या या गावात भिंती हादरणं म्हणजे कुकरच्या शिट्टीइतकं रोजचं. नव्या सुनेला आल्या आल्या सांगतात, हादरलं तरी घाबरायचं नाही, तोफ आहे. सुना महिन्याभरात शिकतात. सरुबाई तीस वर्षांत शिकली नाही. लहानपणी तेजस्विनीला तिने अर्ध्या अंघोळीतून उचलून बाहेर आणलेलं अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं, आणि अजून ते हसून सांगणारे लोक होते.

ती किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं माहेर दगडमातीखाली गेलं. आई, बाप, दोघे भाऊ. आदल्या वर्षीही जमीन हलली होती, तेव्हा घरातले सगळे बरेच दिवस अंगणात झोपत होते. मग लोक हसायला लागले. दुसऱ्याच्या भीतीची गंमत कुणाला वाटत नाही? बापाला ते हसणं सोसवेना. त्याने खाटा आत नेल्या. भूकंपाच्या रात्री सरुबाई गणपतीचं विसर्जन बघायला म्हणून मामाकडे गेलेली. हललं तिथेही, पण मामाचं घर पत्र्याचं होतं.

ओझरचे पाहुणे आले. मुलगा सार्थक कारखान्यात नोकरीला, सोबत त्याचे वडील खंडेराव आणि आई शकुबाई. बैठकीची खोली जुनी, दगडमातीच्या भिंतींची, वर माळा. शकुबाई मुलीकडे कमी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे जास्त बघत होत्या. गोष्ट ओझरलाही पोचलेली दिसत होती.

पहिली तोफ झाली. खिडकीच्या काचा वाजल्या. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात गेल्या.

सरुबाईने लाडवांची बशी पुढे केली.

"घ्या ना अजून एक."

दुसरी झाली. तिसरी झाली. ती मनाशी घोकत होती. तोफ आधी कानाला कळते, मग काचांना, मग भिंतीला. ती वरून येते. वरून येतं त्याला भ्यायचं नाही. शकुबाई आता जरा सैलावून बसल्या होत्या. तेजस्विनी चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारात आली.

आणि तेव्हाच सरुबाईच्या पायाखालची फरशी सरकली.

आवाज आधी आलाच नाही. खालून कुणी गोणपाट ओढावं तशी जमीन ओढली गेली. पाठीमागचं कपाट कटकट वाजलं, माळ्यावरची पातेली घसरली, मधल्या दाराच्या चौकटीवरून माती भुरभुरली. मग कुठून तरी खोलातून घरघर आली. सरुबाईला कळलं. ती ही चाल जन्मात विसरणार नव्हती.

"आज लयच जोरात चाललंय की," खंडेराव हसत म्हणाले.

तेजस्विनी चौकटीत ट्रे धरून उभी होती आणि थेट आईकडे बघत होती.

सरुबाईचे दोन्ही हात टीपॉयच्या कडेवर गेले. नुसता ढकलायचा होता. तिने तोंड उघडलं. मोतीराम तिच्याकडे बघत होता. शकुबाई बघत होत्या.

"उभी काय राहिली?" ती म्हणाली. "चहा गार होतोय. दे सगळ्यांना."

हलणं थांबलं. तेजस्विनी पुढे आली आणि तिने चहा दिला.

स्थळ जमलं. शकुबाईंनी तेजस्विनीला कुंकू लावलं, हातात साखरेचा पुडा दिला. निघताना त्यांनी सरुबाईचा हात धरला.

"लोक काय बी बोलतात हो. तुम्ही तर चांगल्या खंबीर हाय."

पाहुण्यांची गाडी वळली आणि मोतीरामने मोबाईल उघडला. वाचता वाचता तो ओट्यावर बसला आणि मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"अगं, भूकंप होता म्हणे तो! बारकासा. कुठं काय पडलं नाय. जन्मभर तोफेला पळाली, आन खरा भूकंप आला तर लाडू वाटत बसली!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं जमल्याचा आनंद होता तो, त्याला दोष देता येत नाही.

सरुबाई स्वयंपाकघरात गेली. तेजस्विनी कप विसळत होती.

"आई, तुला खरंच कळलं नाही?"

"नाय. तोफच वाटली."

"मला पायाला वेगळंच लागलं. ट्रे टाकून पळणारच होते मी."

"मग?"

"तुझ्याकडे बघितलं. तू बसलेली. म्हटलं, आई बसलीय म्हणजे काही नाही."

सरुबाईने तिच्या ओल्या हातातला कप काढून घेतला आणि बाजूला ठेवला. तिचा हात मात्र सोडला नाही.

"पुढच्या टायमाला माझ्याकडं बघू नको," ती म्हणाली. "पळ."