मोहरीच्या डब्यातल्या गोळ्या

"मोहरी तडतडल्याशिवाय हिंग टाकायचा नाही," त्रिवेणीबाईंनी बजावलं. "मी गेल्यावर कुणाला विचारणार? शेजारच्या चतुराबाईंना? त्या कशातही चिंच कोळतात."

मुकुंदराव कढईपासून हातभर लांब उभे होते. हैदराबादला आबिड्सच्या पोस्टात त्यांनी जन्मभर शिक्के मारले होते, पण शिक्का कधी अंगावर उडाला नव्हता.

अंबरपेठेतल्या त्या स्वयंपाकघरात काही महिने विधुर होण्याचं प्रशिक्षण चालू होतं. बाईंचा स्तनाचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. इस्पितळात एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होता, त्यात त्यांना घेतलं होतं. नेहमीच्या इंजेक्शनांच्या जोडीला रोज एक लाल गोळी. निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना नुसती खडूची. कुणाच्या वाट्याला कुठली, ते बायकांना ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

"आमच्या खात्यासारखंच," मुकुंदराव म्हणाले होते. "देणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्याला पत्ता नाही."

बाईंना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण एक समाधान होतं. भरल्या कपाळाने जाणार. आईला जमलं नाही, दोन्ही बहिणींना जमलं नाही, ते त्यांना जमणार होतं. हिरवी साडी कपाटात वर काढून ठेवलेली होती, ओटी कुणी भरायची तेही ठरलेलं. "अख्ख्या संसारात एवढं एक माझ्या मनासारखं होतंय," त्या म्हणायच्या. आलेल्या बायका डोळे पुसायच्या आणि थोडा हेवाही करायच्या.

अडचण एकच होती, आणि ती मुकुंदरावांच्या पोटात होती.

त्याच मजल्यावर दुसरा एक अभ्यास चालू होता. पासष्टीपुढच्या पुरुषांची पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे का, ते पाहायचं. पेशंटबरोबर आलेल्या नवऱ्यांना तपासणी फुकट. फुकट म्हटल्यावर मुकुंदराव आडवे झाले.

दोन्ही अभ्यास अमेय नावाचा तरुण डॉक्टर सांभाळायचा. मराठी घरातला, पण मराठी हैदराबादेत वाढलेली.

"अंकल, सायकलची ट्यूब पुरानी झाली की एका जागी फुग्गा येतो ना? बस, तसंच. फुटला तर टाइम नाही मिळत. वजन बिलकुल उचलू नका. आणि घरी सांगा, हौ?"

"हौ," मुकुंदराव म्हणाले. "पण हा माझ्या बायकोनंतर फुटेल, असं काही करता येईल का?"

अमेय हसला. मुकुंदराव हसले नाहीत. घरी त्यांनी सांगितलंही नाही.

फक्त पाण्याची बादली उचलणं बंद केलं. बाईंचा एक हात स्तनाच्या ऑपरेशनपासून सुजलेला, त्यांनाही उचलायची मनाई. बादली नळाखाली भरून राहायची आणि दोघं तिला वळसा घालून जायचे.

"आळशी झालात," बाई म्हणायच्या. "मी जायच्या आधीच सुतक धरलंत."

पुढच्या तपासणीला अमेय नेहमीसारखा लांबूनच हाक मारत आला.

"आँटी! गुड न्यूज! लिव्हरवरचे डाग निम्मे झाले!" आणि आनंदाच्या भरात पुढे म्हणाला, "तुमचं घटलं, पण अंकलचं वाढलं. आता ऑपरेशन लांबवू नका, जरा समजवा त्यांना."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"कधीपासून?" घरी पोचल्यावर दाराला कडी लावत बाईंनी विचारलं.

"संक्रांतीपासून."

"म्हणजे मी यांना फोडणी शिकवतेय आणि हे पोटात सुतळीबॉम्ब घेऊन उभे!"

"तुझं एवढं मनासारखं होत होतं..."

"मग ऑपरेशन का नाही?"

"भुलीतून उठलोच नाही तर? तुझ्या आधी जायचं नाहीये मला."

बाईंनी कपाळावरचं कुंकू आरशात बघून नीट केलं.

आठवड्याने बाई देवळात गेल्या असताना मुकुंदरावांनी पहिल्यांदा एकट्याने आमटी करायला घेतली. तेल तापलं. मोहरीचा डबा उघडला, तर मोहरीत लाल गोळ्या. त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

"हे काय?" बाई आल्यावर त्यांनी डबा पुढे केला.

"मी नाही घेणार. मला आधी जायचंय."

"आणि गोळी खडूची असली तर?"

"मग न घेतल्याने काय बिघडलं?"

मुकुंदराव मोहरीतून एकेक गोळी वेचू लागले.

"मी ऑपरेशन करून घेतो," ते शेवटी म्हणाले. "तू गोळी घे."

"तुम्ही धड बाहेर या. त्याच दिवशी घेते."

"आणि नाही आलो तर?"

"तर कुणासाठी घेऊ?"

"तरी घ्यायची. शब्द दे."

बाईंनी शब्द दिला नाही. डब्याचं झाकण तेवढं लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्या हिरवी साडी नेसून आल्या. मुकुंदरावांनी स्ट्रेचरच्या गाडीवर पडल्या पडल्या साडीकडे पाहिलं. "चांगली दिसते," ते म्हणाले. "काल भरती व्हायला निघताना आमटी करून फ्रिजमध्ये ठेवलीय. हिंग मोहरीनंतरच टाकलाय."

"मीठ?"

गाडी ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेली. मिठाचं राहिलंच.

बाई बाकावर बसल्या. मुठीत गोळी होती. शेजारच्या बाईने इडली पुढे केली, त्यांनी मानेनेच "नक्को" म्हटलं.

दुपार कलल्यावर अमेय आला. आज त्याने लांबून हाक मारली नाही. डोक्यावरची ऑपरेशनची टोपी काढून हातात घेतलेली, नजर फरशीवर. सावकाश चालत तो बाकापर्यंत आला.

बाईंनी मूठ उघडली. घामाने गोळीचा लाल रंग तळहातभर पसरला होता. अमेयने तोंड उघडायच्या आत, न दिलेला शब्द पाळत, त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यावाचून गिळली. खरी होती की खडूची, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हं," त्या म्हणाल्या. "बोल आता, बाळा."