सगळ्यांत सरळ लेबल

मित्रांनो, मी शेकण्याची रबरी पिशवी. आता फाटकी आहे, पण खरं सांगायचं तर नवी होते तेव्हाही धड नव्हते. जुन्या टायरांचा चुरा आणि खडूची भुकटी कालवून मला साच्यात दाबलं. कडेचा जोड नुसता नावाला होता. वर लेबल मात्र ऐटीत : 'शुद्ध रबर, दुहेरी जाडी, उकळतं पाणी चालेल.' नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

आमच्या कारखान्यात तपासणी एकच. लेबल वाकडं लागलं तर माल बाजूला. आत पाणी भरून कुणी कधी पाहिलं नाही. लेबलं लावणारी ताई हाताची फार नेटकी. मुकादम बाकीच्या बायकांना तिचं टेबल दाखवायचा. आईसाठी पिशवी घ्यायची ठरली तेव्हा तिने अख्खा ढीग चाळला आणि जिचं लेबल सगळ्यांत सरळ, ती उचलली. ती मी. मला कोण अभिमान वाटला.

आईला मधुमेह होता. पोटऱ्या ठणकायच्या, पावलं मात्र बधिर. पायातली चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसे. दुपारी ताईने मला उकळत्या पाण्याने भरलं.

"फुटायची नाही ना गं?" आईने विचारलं.

"लिहिलंय की त्यावर. मीच तर चिकटवलंय."

मला पायांशी ठेवून, आईवर चादर घालून ताई कपडे वाळत घालायला गेली. तेवढ्यात माझा जोड सुटला. आई डोळे मिटून स्वस्थ पडली होती. मी ओरडू शकत नव्हते. ताई परतली तेव्हा पलंगाखाली पाणी ठिबकत होतं. तिने चादर उचलली, तर पावलांची सालं निघाली होती.

जखमा चिघळल्या. उजव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. ताई मला घेऊन मुकादमापुढे उभी राहिली. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

"लेबल तर छान बसलंय. तुझाच हात दिसतोय," तो म्हणाला आणि मला परत दिलं.

ताईने मला फेकलं नाही, घरी खुंटीला टांगलं. मित्रांनो, घरात आणलेल्या पिशवीत आधी थंड पाणी भरा, ती दाबून पाहा, मगच आपल्या माणसाजवळ न्या. आणि उद्या तुमच्या हाती कुणी लेबलांचा गठ्ठा दिला, तर आतला माल कुणी तपासला ते आधी विचारा. ताईने विचारलं नव्हतं. ती रोज आईच्या पायाची पट्टी बदलते. आई तिला एका शब्दानेही बोलत नाही, आणि तेच तिला सोसत नाही.