धुईचा अंदाज

सानगडीच्या पुढे धानाच्या बांध्या संपतात आणि मुरमाड पडीक सुरू होते, तिथे सोलर प्लांट उभा आहे. लिलाधर तिथे पाच वर्षांपासून कामाला होता. लागला तेव्हा तो सोलरच्या प्लेटा धुणाऱ्यांच्या टोळीत होता, पुढे त्याला टोळीच्या देखरेखीला लावलं. पण प्लांटवर त्याला जो मान होता तो धुण्याचा नव्हता, हवामानाचा होता.

उद्या किती वीज निघणार हे प्लांटला आदल्या संध्याकाळीच वर ग्रिडच्या ऑफिसला कळवावं लागतं. कंपनीच्या कॉम्प्युटरला बाकी सगळं कळायचं. मे महिन्यात ऊन आग ओकतं तेव्हा प्लेटा तापून सुस्तावतात आणि वीज उलट कमी देतात, हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. फक्त हिवाळ्यात इथल्या तलावांवरून उठणारी धुई, म्हणजे दाट धुकं, त्याला कधी आधी दिसली नाही. तो स्वच्छ ऊन सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत एका रांगेतून शेजारची रांग दिसायची नाही. पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी लिलाधर सहज बोलून गेला, "उद्या अकरापर्यंत ऊन नाही पडत." नाही पडलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बोलला, पुन्हा खरं ठरलं. तेव्हापासून प्लांटचे मॅनेजर मनिष साहेब रोज साडेपाचला त्याला केबिनमध्ये बोलवायचे. "काय लिलाधरभाऊ, उद्या काय म्हणतो तुमचा सूर्य?"

एक गोष्ट लिलाधरने कोणाला सांगितली नव्हती. ते बोल त्याचे नव्हते, त्याच्या बायकोचे, जमुनाबाईचे होते. जमुनाबाई लहानपणापासून तलावात उतरलेली बाई. दुपार कलली की ती जाळं टाकायला जायची आणि आली की बोलता बोलता सांगायची, "आज पानी गरम आहे अन् वारा मेला आहे. चुलीचा धूर पान्यावर बसून राहिला. सकाळी धुई येते." पाचला काम सुटलं की लिलाधर घरी येऊन तेवढंच ऐकायचा आणि साडेपाचच्या आत सायकलवर परत प्लांटवर पोचायचा. सुरुवातीला कोणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही. मग सांगायची वेळ निघून गेली.

नोव्हेंबरमध्ये प्रेरणा आली. लाखनीची मुलगी, डिप्लोमा झालेली, वय चोवीस. प्लांटच्या मधोमध हवामानाची यंत्रं लावली होती, ऊन मोजणारा काचेचा घुमट आणि वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, ती तिच्या ताब्यात आली. ती रोज सकाळी शिडीवर चढून घुमटावरचं दव आणि राईस मिलची काजळी स्वतः पुसायची. लिलाधरशी ती नीट बोलायची, काका म्हणायची. पण चौथ्या दिवशी तिने विचारलं, "काका, तुम्ही धुकं कशावरून ओळखता?"

"अंदाजानं," लिलाधर म्हणाला.

"म्हणजे काय बघता?"

"पाहावं लागते चारी बाजूले," असं म्हणून तो तिथून निघाला.

प्रेरणा चारी बाजूला बघत फिरली आणि फिरता फिरता तलावाच्या पाळीवर पोचली. तिथे जमुनाबाई जाळं झटकत होती. मुलीने विचारलं आणि बाईने सांगितलं, इतकं ते साधं होतं. संध्याकाळी लिलाधर घरी आला तेव्हा त्याच्याच अंगणात त्याच्याच खाटेवर प्रेरणा बसली होती, हातात चहा, मांडीवर वही. जमुनाबाई हात हलवून हलवून पाण्याचं सांगत होती आणि मधेच हसत होती. एवढं मोकळं हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. प्रेरणा थर्मामीटर घेऊन यायची, दोघी पाण्यात उतरायच्या, आधी जमुनाबाई हात घालून सांगायची आणि मग प्रेरणा आकडा वाचायची. जेवताना जमुनाबाईच्या तोंडी तेच. "पोरगी हुशार आहे. एकडाव सांगतलं का लिहूनच घेते." लिलाधर अर्ध्या ताटावरून उठायचा. तिकडे प्लांटवर मनिष साहेब आता साडेपाचला प्रेरणाला बोलवायचे. लिलाधर केबिनच्या बाहेर काहीतरी काम काढून उभा राहायचा. आतून साहेबांचं हसणं ऐकू यायचं आणि त्याला वाटायचं, हे हसणं माझं होतं. तिचा अंदाज चुकावा म्हणून त्याने सकाळी उठल्या उठल्या आभाळाकडे बघायला सुरुवात केली होती. अंदाज काही चुकत नव्हता.

जानेवारीत मोठ्या ट्रान्सफॉर्मरची तपासणी निघाली. त्यासाठी अर्धा प्लांट सकाळभर बंद ठेवायचा होता आणि धुईच्या दिवशी बंद ठेवला तर काहीच बिघडत नव्हतं. नागपूरची माणसं येऊन थांबली होती, फक्त दिवस ठरायचा होता. नेमकं त्यातच एका दिवशी प्रेरणाला मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी घरी जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "काका, काकूंकडे फोन नाही. त्या काय म्हणतात ते सहा वाजता मला तेवढं कळवा. मी तिथूनच आकडा पाठवते."

संध्याकाळी जमुनाबाई ओल्या पायांनी घरात आली. "सांगा तिले, उद्या बारापर्यंत काही दिसत नाही. लय दाट येते."

लिलाधर फोन घेऊन गोठ्याच्या मागे गेला. खरं सांगायचं तर फोन लावेपर्यंत त्याच्या मनात काही नव्हतं. पण प्रेरणाने उचलल्या उचलल्या विचारलं, "काय म्हणाल्या काकू?" काकू. पाच वर्षं जिथे त्याचं नाव होतं तिथे आता हा शब्द आला होता.

"साफ राहीन म्हणते," तो म्हणाला. "सकाळपासूनच ऊन."

दुसऱ्या दिवशी धुई अशी उतरली की गेटवरच्या वॉचमनला गेट दिसेना. तपासणी पुढे ढकललेली, पूर्ण प्लांटचा आकडा वर पाठवलेला, आणि वीज साडेअकरापर्यंत जवळजवळ नाही. वरून फोनवर फोन आले. प्रेरणा लाखनीहून पोचली तेव्हा मनिष साहेब सगळ्यांसमोर तिच्यावर तापले. लिलाधर दारात उभा होता. याच क्षणाची तो वाट बघत होता.

"वही दाखवा," साहेब म्हणाले. वही चाळून त्यांनी टेबलावर टाकली. "ही जमुनाबाई कोण? तलावावरच्या बाईच्या भरवशावर तुम्ही प्लांट चालवता? तिला काय समजतं?"

प्रेरणा मान खाली घालून म्हणाली, "सर, त्यांचं आतापर्यंत एकदाही चुकलं नव्हतं."

"आज चुकलं ना."

लिलाधरचे कान तापले. पाच वर्षांत त्या केबिनमध्ये त्याच्या बायकोचं नाव पहिल्यांदा निघालं होतं, आणि ते असं. बोलावं असं त्याला वाटलं. पण तो पाण्याचा पाइप गुंडाळायला निघून गेला.

संध्याकाळी प्रेरणा नेहमीप्रमाणे आली. तिने झालेलं सांगितलं, पण दोष दिला नाही. "होतं काकू कधी कधी. वाईट नका वाटून घेऊ."

जमुनाबाईने एकदा लिलाधरकडे बघितलं. तो खाटेची सैल दोरी ओढत बसला होता. मग ती प्रेरणाला म्हणाली, "हो. चुकलं असन मायं."

मुलगी गेल्यावर तिने चुलीपुढे बसून भाकरी थापल्या, त्याला वाढलं, आणि तो अर्धा जेवल्यावर विचारलं, "काहून केलं असं?"

लिलाधरने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आता मले कोणी इचारतच नाही."

"मी पाच वर्सं तुमाले सांगत आली," जमुनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मले कोणी इचारलं का? तुमी तरी कधी सांगतलं का तिथं, का हे माही बायको सांगते म्हणून? मी कधी काही म्हटलं नाही. पन आज त्या पोरीसमोर मले खोटं पाडलं तुमी."

सकाळी लिलाधर सगळ्यांच्या आधी प्लांटवर गेला आणि मनिष साहेब आल्या आल्या केबिनमध्ये शिरला. परवाच्या फोनवरचं खोटं सांगितलं. मग थांबून मागच्या पाच वर्षांचंही सांगितलं. ते सांगायला त्याला जास्त जड गेलं. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. ओरडले नाहीत, आणि त्यानेच त्याला जास्त लाज वाटली. "तुम्हाला मी काय समजत होतो लिलाधरभाऊ," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्याला पुन्हा धुण्याच्या टोळीत टाकलं. प्रेरणा पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर कामापुरतं बोलू लागली. काका म्हणायला मात्र तिला बराच काळ लागला. पाळीवर ती येतच राहिली.

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी ती येऊन गेल्यावर लिलाधर पाळ उतरून पाण्याशी गेला. जमुनाबाई कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याची दोरी बांधत होती.

"मले सांगशीन का कसं ओळखतेस?" त्याने विचारलं.

तिने मान वर केली नाही. "हात घाला."

त्याने पाण्यात हात घातला. थंड होतं. नुसतं थंड.

"काय वाटते?"

"काही नाही समजत."

"लवकर नाही समजत," ती म्हणाली आणि गाठ आवळत राहिली. लिलाधर पाण्यातून निघणाऱ्या तिच्या हाताकडे बघत होता. त्या हाताच्या जोरावर तो पाच वर्षं मिरवला होता, आणि आता त्याच हाताचा त्याला हेवा वाटत होता. तो तसाच काठावर बसून राहिला.

थोड्या वेळाने तिनेच म्हटलं, "चपला काढा. अंदर या, दोरी धरा."